तलावाकाठच्या निवासी शिबिराला मूल पाठवताना: पाण्याची आणि रात्रीची तयारी

मार्च महिना लागला की कोल्हापुरातल्या शाळांच्या फाटकांपाशी उन्हाळी शिबिरांची पत्रके वाटली जाऊ लागतात आणि त्यांत दरवर्षी एखादे तरी शिबिर तलावाकाठी तंबूत राहण्याचे असते. जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला पाण्याची कमतरता नाही. राधानगरीचा लक्ष्मी तलाव, तुळशी, काळम्मावाडी किंवा गगनबावड्याच्या आणि आंबा घाटाच्या वाटेवरचे लहान-मोठे जलाशय अशा एखाद्या ठिकाणी चार-पाच रात्री काढून आलेले मूल वेगळेच होऊन येते, हे मी माझ्या दोन्ही मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. तरीही पत्रक हातात पडताच पालक पहिला प्रश्न विचारतात तो सामानाचा. सामान एका संध्याकाळी भरून होते. खरी तयारी दोनच गोष्टींची असते, पाण्याची आणि रात्रीची, आणि त्या दोन्हींना किमान सहा आठवडे लागतात. म्हणून या लेखातला क्रम मार्चपासून सुरू होतो.

पहिली पायरी: मूल तयार आहे का, हे पाहणे

वयाचा आकडा येथे फारसा उपयोगी पडत नाही. आठ वर्षांचे एखादे मूल निवांत राहते, तर बारा वर्षांचे दुसऱ्याच रात्री कासावीस होते. मी पाहते त्या खुणा साध्या आहेत. मूल स्वतः अंघोळ करून कपडे बदलते का, अनोळखी शौचालय वापरताना अडते का, न आवडणारी भाजी असतानाही दोन घास पोटात घालते का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परक्या मोठ्या माणसाजवळ जाऊन "माझं पोट दुखतंय" असे सांगू शकते का? ही शेवटची गोष्ट न जमणारे मूल शिबिरात आजार अंगावर काढते.

यासाठी दोन रात्रींची चाचणी घ्यावी. आजोळी काढलेल्या रात्री यात धरू नयेत, कारण तेथे आजी भरवते, थोपटते आणि रात्री उठून पांघरूणही घालते. मुलाच्या एखाद्या मित्राच्या घरी किंवा फारशी जवळीक नसलेल्या नातेवाइकांकडे सलग दोन रात्री ठेवावे आणि त्या काळात फोन करू नये. पहिली रात्र नवलाईत निघून जाते. दुसऱ्या रात्री काय होते, तेच पाहायचे असते.

"जरा शिस्त लागेल" म्हणून नको म्हणणाऱ्या मुलाला पाठवू नये. शिबिर ही शिक्षा आहे अशी समजूत घेऊन गेलेले मूल पहिल्या दिवसापासून परतीचे दिवस मोजत बसते. त्याला पत्रक दाखवावे, तलावाची जागा नकाशावर शोधू द्यावी आणि शक्य असल्यास एखाद्या रविवारी तेथे घेऊन जावे.

दुसरी पायरी: शिबिर पारखणे

नावनोंदणीपूर्वी एकदा शिबिराच्या जागेवर जाऊन यावे, असा माझा आग्रह आहे. राधानगरी कोल्हापूर शहरापासून साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे, एका सकाळीत हे काम होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा म्हणण्यात कोणताही अवमान नाही. राधानगरी-दाजीपूर परिसराचा मोठा भाग अभयारण्य आहे, तेथे गव्यांचा वावर असतो आणि अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम करायचा तर वनविभागाची परवानगी लागते. ती परवानगी आयोजकांकडे लेखी असली पाहिजे.

त्यानंतर पाण्याचे प्रश्न विचारावेत आणि ते काठावर उभे राहूनच विचारावेत.

आपले बहुतेक तलाव हे धरणांचे जलाशय आहेत, ही गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. मे महिन्यात त्यांची पातळी बरीच खाली गेलेली असते. ऑक्टोबरच्या छायाचित्रात गवताळ दिसणाऱ्या काठाच्या जागी तेव्हा गाळाचा उतार उघडा पडलेला असतो आणि त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे, बांध आणि बुडालेले नदीपात्र असू शकते, त्यामुळे कमरेइतक्या पाण्यातून दोन पावले पुढे टाकताच तळ नाहीसा होतो. म्हणून पोहण्याची जागा दोरी आणि तरंगत्या खुणा लावून आखलेली आहे का आणि ती या वर्षीच्या पातळीप्रमाणे पुन्हा तपासली आहे का, हे विचारावे. शिबिर धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रालगत असेल, तर पाणी सोडल्यावर पात्र अचानक भरू शकते. अशा जागी मुलांना उतरवणारे शिबिर मी तरी नाकारीन.

मुले पाण्यात असताना काठावर उभा राहून केवळ पाण्याकडे पाहणारा माणूस कोण, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्या माणसाच्या हाती कॅमेरा नसावा, फोन नसावा आणि दुसरे कोणतेही काम नसावे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीला खाली-वर होत असते, श्वास घेण्यातच त्याची सगळी शक्ती जाते, हात वर करून कोणाला बोलावणे त्याला शक्य नसते आणि सगळा प्रकार एका मिनिटाच्या आत घडू शकतो. दहा फुटांवर दंगा करणाऱ्या मुलांनाही त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून चांगल्या शिबिरात मुलांच्या जोड्या लावलेल्या असतात आणि दर काही मिनिटांनी शिट्टी होताच प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात वर धरायचा असतो. आपल्या शिबिरात ही पद्धत आहे का, पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक मुलाची पोहण्याची चाचणी होते का आणि बुडालेल्या माणसाला कृत्रिम श्वास देण्याचे प्रशिक्षण कोणाकोणाला मिळाले आहे, हे नावांसह विचारावे. पाण्यातल्या आठ मुलांमागे एक प्रशिक्षक, यापेक्षा कमी प्रमाण मला पुरेसे वाटत नाही.

लाईफ जॅकेट आहेत, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. माझ्या मुलीच्या पहिल्या शिबिरात जॅकेट भरपूर होते, पण सगळे मोठ्या माणसांच्या मापाचे होते, ही गोष्ट आम्हाला तिला पोहोचवायला गेल्यावर दिसली आणि आम्ही तिला नावेत बसवू नका असे लेखी देऊन आलो. चार दिवस ती काठावर बसून इतरांना वल्ही मारताना पाहत राहिली, याचे वाईट मला अजून वाटते. मार्चमध्येच जागेवर जाऊन जॅकेट हाताळले असते, तर तिच्यावर ती वेळ आली नसती. जॅकेटवर किती वजनासाठी आहे हे छापलेले असते, ते मुलाच्या वजनाशी पडताळावे. घातल्यावर बंद आवळून खांद्यापाशी धरून वर ओढावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले, तर पाण्यातही ते डोक्यावरून निघेल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असणे चांगले.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारनंतर वळीव येतो आणि त्याबरोबर विजा असतात. गडगडाट ऐकू आला की सर्वांनी पाण्याबाहेर यायचे, झाडाखाली किंवा तंबूत न थांबता पक्क्या इमारतीत अथवा बंद गाडीत बसायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्याकडे फिरकायचे नाही, असा नियम शिबिरात असला पाहिजे. जवळपास पक्की इमारतच नसेल, तर विजांच्या वेळी मुले कोठे थांबणार, याचे उत्तर घेतल्याशिवाय परतू नये.

आता रात्रीचे प्रश्न. तंबू पाण्यापासून किती अंतरावर आहेत, अंधार पडल्यावर काठाकडे जाणारी वाट बंद होते का, शौचालयापर्यंत दिवा आहे का आणि रात्री उठलेल्या मुलाने कोणाला हाक मारायची, हे पाहावे. मुलींच्या तंबूंजवळ महिला प्रशिक्षक झोपायला असल्या पाहिजेत. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर एका तंबूत राहणार नाही, हा नियम लेखी असावा आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालेली असावी. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, आयोजकांना ठाऊक आहे का, हे मी थेट विचारते. जो आयोजक या प्रश्नाने दुखावला जातो, त्याच्याकडे मूल ठेवू नये.

सापांविषयी बोलायला पालक कचरतात, परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी उघड्यावर झोपायचे तर बोललेच पाहिजे. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. त्यांतील मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याचा दंश इतका कमी दुखतो की कित्येकदा खूणही दिसत नाही. म्हणून झोपण्याचे तंबू तळासकट शिवलेले आणि पूर्ण बंद होणाऱ्या चेनचे असावेत किंवा खाटा आणि नीट खोचलेल्या मच्छरदाण्या असाव्यात. पहाटे एखादे मूल पोटात कळ येते, पापण्या जड झाल्या किंवा गिळता येत नाही असे सांगत उठले, तर ते अपचन समजून ओवा देत न बसता त्याला रुग्णालयात न्यायचे असते, हे शिबिरातील प्रत्येक ताई-दादाला माहीत हवे. सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, रात्री गाडी आणि चालक जागेवर असतो का आणि १०८ ला फोन लावण्याइतके नेटवर्क तेथे मिळते का, हे तिन्ही प्रश्न लिहून न्यावेत.

तिसरी पायरी: पाण्याची तयारी

कोल्हापूरच्या मुलांना पाणी नवे नाही. पंचगंगेच्या घाटावर पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकलेली पिढी अजून घराघरांत आहे आणि वीरधवल खाडे याच शहरातून २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. पण आजची बहुतेक मुले जलतरण तलावात शिकतात, आणि निळ्या फरशीचा तळ दिसणारे पाणी व तळ न दिसणारे पाणी यांत फार अंतर आहे. तलावात वरचा हातभर थर कोमट असतो आणि खाली पाय सोडताच गार पाणी लागते, पायांना शेवाळ गुंडाळते, कडेला धरायला दांडी नसते. चांगले पोहणारे मूलही यामुळे घाबरते.

म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पोहण्याचा वेग किंवा प्रकार सुधारण्यापेक्षा उताणे तरंगण्याचा सराव करून घ्यावा. दमल्यावर, घाबरल्यावर किंवा पायात गोळा आल्यावर पाठीवर वळून, कान पाण्यात सोडून, शांत श्वास घेत दोन मिनिटे राहता आले पाहिजे. त्यानंतर एकदा कपड्यांसकट पाण्यात उतरवावे, कारण नावेतून पडणारे मूल पोहण्याच्या पोशाखात नसते. यासाठी जलतरण तलावाच्या व्यवस्थापकांची परवानगी काढावी आणि प्रशिक्षक शेजारी असावा.

तीन गोष्टी मुलाकडून तोंडपाठ करून घ्याव्यात. नाव उलटली तर ती सोडायची नाही, तिला धरून राहायचे. काठ जवळ दिसला तरी पोहत निघायचे नाही. मित्र बुडताना दिसला तर पाण्यात उडी मारायची नाही. ओरडायचे, शिट्टी वाजवायची आणि काठी, दोर, रिकामी बंद बाटली जे मिळेल ते त्याच्याकडे टाकायचे. जॅकेट नावेत बसण्यापूर्वी घालायचे आणि जमिनीवर पाय टेकेपर्यंत काढायचे नाही. उडी न मारण्याची गोष्ट मुलांना पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण आपल्या गोष्टींतला शूर मुलगा नेहमी उडी मारतो. मी माझ्या मुलाला सांगितले होते की तुझी शिट्टी ऐकून धावत येणारा माणूसच त्याला वाचवेल, तू उडी मारलीस तर त्या माणसाला दोघांना काढावे लागेल. ते त्याला पटले.

अर्जात "पोहता येते का" या रकान्यात खरे लिहावे. मुलगा टाकीची रुंदी एकदा पार करत होता, तेवढ्यावर मी "येते" असे लिहिले होते. शिबिराने स्वतः चाचणी घेतली म्हणून त्याला उथळ पाण्याच्या गटात टाकले गेले. चाचणी नसती, तर माझ्या एका शब्दावर तो खोल पाण्यात गेला असता.

चौथी पायरी: आरोग्याचा कागद

दमा, फिट येणे, कानाच्या पडद्याला छिद्र, कोणत्याही औषधाची किंवा अन्नाची अॅलर्जी यांपैकी काहीही लपवू नये. फिटचा त्रास असलेल्या मुलाच्या बाबतीत पाण्यात उतरण्याचा निर्णय डॉक्टरांनीच द्यावा. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मराठीत वेळा लिहून शिबिरप्रमुखांच्या हाती द्यावीत, मुलाच्या सॅकमध्ये टाकू नयेत. दम्याचा पंप मात्र मुलाजवळच असावा. राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस आहे, ती राहिली असेल तर आधी घ्यावी.

अंथरुण ओले करणाऱ्या मुलाचे पालक संकोचाने गप्प बसतात आणि मूल चार रात्री जागून काढते. गटाच्या ताईला हे एकांतात सांगावे आणि रात्री झोपण्यापूर्वी व मध्यरात्री एकदा उठवण्याची विनंती करावी. अनुभवी ताईला याचे काहीच वाटत नाही. मुलीची पाळी सुरू होण्याचे वय असेल, तर सुरू झालेली नसली तरी पॅड द्यावेत, पाळी आल्यास कोणाला सांगायचे ते ठरवून द्यावे आणि पाण्यात न उतरण्याची मोकळीक असल्याचे तिला आधीच कळलेले असावे.

पाचवी पायरी: सामान

सॅक मुलाने स्वतः भरावी, आपण फक्त यादी वाचावी. आईने भरलेल्या सॅकमधले काही मुलाला सापडत नाही. अंधारात टॉर्च कोणत्या कप्प्यात आहे, हे त्याच्या हाताला ठाऊक हवे.

पोहण्याचा पोशाख भगवा, लाल किंवा झगझगीत रंगाचा घ्यावा, कारण निळा आणि हिरवा रंग तलावाच्या पाण्यात दिसेनासा होतो. मागे पट्टा असलेल्या सँडल पाण्यासाठी आणि बंद बूट चालण्यासाठी, असे दोन जोड हवेत. बूट रोज सकाळी उलटे झटकून घालायचे असतात. रात्रीसाठी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, वळिवासाठी रेनकोट, टोपी, पाण्याची बाटली, शिट्टी, टॉर्च आणि जास्तीचे सेल, डास दूर ठेवणारे मलम, ओले कपडे वेगळे ठेवायला दोन प्लास्टिक पिशव्या आणि कपडे वाळवायला दोरी एवढे पुरते. पांघरायला नवी स्लीपिंग बॅग विकत घेण्यापेक्षा घरची वाकळ द्यावी. तिला घरचा वास असतो आणि रात्री तो मुलाच्या उपयोगी पडतो. प्रत्येक वस्तूवर नाव लिहावे, अगदी टॉवेलवरही. सोन्याची साखळी, मोबाईल आणि खाऊचे डबे घरी ठेवावेत. तंबूतला खाऊ मुंग्यांना आणि उंदरांना बोलावतो, आणि उंदरांच्या मागे साप येतात.

सहावी पायरी: रात्रीची तयारी

घरची आठवण येणे हा आजार नाही आणि दुबळेपणाही नाही. बहुतेक मुलांना ती येते. ती दिवसा क्वचित येते. दिवेलागणीला, जेवणानंतर हात रिकामे झाल्यावर आणि अंथरुणावर पडल्यावर ती दाटून येते. हे मुलाला आधी सांगून ठेवले, तर ती आल्यावर आपल्यालाच काहीतरी झाले आहे असे त्याला वाटत नाही. त्या वेळी काय करायचे, हेही ठरवून द्यावे. पाणी प्यायचे, ताईजवळ जाऊन सांगायचे आणि वहीत त्या दिवसाची एक गोष्ट लिहायची. आम्ही निघण्यापूर्वी प्रत्येक रात्रीसाठी एक अशी लहान पत्रे लिहून गटाच्या ताईकडे दिली होती. त्यांत "तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं" असे काही लिहू नये. गल्लीतल्या कुत्रीला पिल्ले झाली, गच्चीवर पापड वाळत घातले, अशा साध्या बातम्या लिहाव्यात.

"करमलं नाही तर लगेच येऊन घेऊन जाऊ" हे वाक्य कधीही उच्चारू नये. मी ते मुलीला पहिल्या वर्षी निरोप घेताना सांगितले होते, आणि पुढचे दोन दिवस ती खेळण्याऐवजी करमते की नाही हेच तपासत राहिली. अशा वचनातून मुलाला एकच अर्थ कळतो, की आईलाच आपल्या राहण्याचा भरवसा नाही. त्याऐवजी "पहिल्या रात्री जड जाईल, तिसऱ्या रात्रीपर्यंत सवय होईल, आणि शनिवारी चार वाजता मी येथेच उभी असेन" असे सांगावे आणि त्या शनिवारी पावणेचारलाच तेथे उभे राहावे.

एक गोष्ट मात्र वेगळी समजावून द्यावी. करमत नाही आणि भीती वाटते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणी नको तसा स्पर्श केला, कोणी "घरी सांगू नकोस" म्हटले, कोणी धमकावले, तर ते सांगायला मुलाला फोनवर एक खुणेचे वाक्य असावे. आमच्याकडे "मनीला दूध घातलं का?" हे ते वाक्य होते. शेजारी कोणी उभे असले तरी ते बोलता येते, आणि ते ऐकले की काहीही न विचारता गाडी काढायची, असे आम्ही दोघांनी ठरवले होते. बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांकही मुलाला पाठ असावा.

सातवी पायरी: निघण्याचा दिवस आणि मधले दिवस

पश्चिमेकडचे रस्ते वळणावळणाचे आहेत, त्यामुळे निघण्यापूर्वी हलके खायला द्यावे. गाडी लागत असल्यास पुढच्या बाकावर बसवावे. निरोप लहान असावा. बस सुटेपर्यंत खिडकीपाशी रडत उभ्या राहणाऱ्या पालकांमुळे आतली शांत मुलेही रडू लागतात.

शिबिरातून फोन आला आणि मूल रडत असले, तर लगेच परत आणण्याचे कबूल करू नये. आधी त्याचे सगळे ऐकून घ्यावे, आज काय केले ते विचारावे आणि त्यानंतर गटाच्या ताईशी वेगळे बोलावे. दिवसा खेळते, जेवते आणि फक्त रात्री रडते, असे असेल तर थांबावे. सलग दोन दिवस जेवण आणि झोप दोन्ही सुटले असतील, ताप असेल किंवा खुणेचे वाक्य आले असेल, तर थांबू नये.

आठवी पायरी: परतल्यावर

पहिल्या संध्याकाळी प्रश्नांची सरबत्ती करू नये. अंघोळ, जेवण आणि झोप यांना मुभा द्यावी. अंघोळीच्या वेळी काखेत, कानांमागे आणि जांघेत गोचीड चिकटली नाही ना, पायांना जखमा झाल्या नाहीत ना, हे पाहावे. कान दुखत असल्यास त्यात घरचे तेल घालू नये. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होण्याचा त्रास झाला, तर मूल तलावाच्या पाण्यात आणि चिखलात वावरले होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे दूषित पाण्यातून आणि चिखलातून होणाऱ्या तापाचा, विचार त्यांना त्यावरूनच सुचतो.

दोन दिवसांनी मूल आपणहून बोलू लागते, तेव्हा पाण्यात काठावर कोण उभे असायचे आणि रात्री हाक मारल्यावर कोण यायचे, हे दोन प्रश्न बोलण्याच्या ओघात विचारावेत. मार्चमध्ये आयोजकांनी दिलेली उत्तरे वहीत लिहून ठेवली असतील, तर ती मुलाच्या उत्तरांशी ताडून पाहता येतात आणि फरक आढळल्यास आयोजकांना लेखी कळवता येतो. त्याच वहीत सॅकमधून न वापरता परत आलेल्या वस्तूंची नावे लिहावीत, आणि वाकळ वळिवाच्या आत दोन कडक उन्हे दाखवून घडी घालून ठेवावी.